३४ इंचांचा ओटा आणि माझी आई

माझी आई पाच फुटांना अर्धा इंच कमी आहे. आमच्या नव्या किचनचा ओटा ३४ इंच उंच आहे. या दोघांचं जमावं म्हणून रोज सकाळी साडेसहाला देवघरापुढचा लाकडी पाट उचलून ओट्यापुढे येतो. आई पाटावर चढते, पोळी लाटते, खाली उतरते, शेगडीपाशी जाऊन ती भाजते, परत येते, पुन्हा चढते. माणसं चार, पोळ्या चौदा. आठव्या पोळीनंतर ती डाव्या हाताने उजवा खांदा दाबायला लागते. हे मी एका सकाळी चहा पीत उभं राहून मोजलं.

हा ओटा ज्या किचनमध्ये आहे ते २ लाख ८५ हजारांचं आहे. सगळं घर मिळून ९ लाख ४० हजार, वर १८ टक्के जीएसटी, म्हणजे ११ लाख ९ हजार. एवढी रक्कम मोजून, रीतसर इंटिरियर डिझायनर नेमून, तीन महिने धूळ खाऊन आम्ही आईला पाटावर उभं केलं.

(पोळ्या तू का लाटत नाहीस, असं तुमच्यापैकी काही जणींनी एव्हाना मनात विचारलं असेल. रास्त आहे. त्यावर येतो.)

डिझायनरबरोबर काम करताना काय काळजी घ्यावी, हे सांगणारे व्हिडिओ तुम्ही पाहिले असतील. मी चाळीसेक पाहिले होते. तीन कोटेशनं घ्या, जुनी कामं बघा, सगळं लेखी घ्या, पैसे टप्प्याटप्प्याने द्या. सगळं खरं आहे आणि मी ते सगळं केलं. माझ्याकडे सहीशिक्क्याचं कोटेशन होतं, टाइमलाइन होती, एक्सेल शीट होती. काम वेळेवर झालं, फक्त अकरा दिवस उशीर. आपल्याकडे त्याला वेळेवरच म्हणतात. फसवणूक म्हणावी अशीही झाली नाही. माझं भांडण फसवणाऱ्या डिझायनरशी नाहीच. त्यांच्यासाठी ग्राहक आयोग आहे. माझं भांडण आहे ते प्रामाणिकपणे, हसतमुखाने, ठरल्याप्रमाणे काम करणाऱ्या डिझायनरशी, जिने मला तीन महिन्यांत शंभर प्रश्न विचारले, पण या घरात काम कोण करणार आणि तिची उंची किती, हे विचारलं नाही.

पहिली मीटिंग शोरूममध्ये झाली. एसी, कॅपुचिनो, काचेच्या टेबलावर लॅमिनेटच्या नमुन्यांची पुस्तकं. बजेट किती? पझेशन कधी? लोन आहे का? आणि मग मुख्य प्रश्न: ‘सर, तुमची स्टाइल काय?’ मॉडर्न कंटेम्पररी, इंडियन मिनिमल, बोहो, जपांदी. आकुर्डीच्या कामगार वसाहतीतल्या दोन खोल्यांत वाढलेल्या माणसाला आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी विचारत होतं की तुमची स्टाइल काय. मी विरघळलो. फोनमध्ये सव्वाशे फोटो सेव्ह केलेले होते, ते दाखवले. तिने माझ्या आवडीचं कौतुक केलं. चाळीस मिनिटांत माझं घर ठरलं.

तिथे हे प्रश्न आलेच नाहीत: स्वयंपाक कोण करतं, बसून निवडतं की उभ्याने? गावाहून धान्य येतं का, किती? पाहुणे मुक्कामाला येतात का, आले तर किती जण, कुठे झोपतात? ओले कपडे कुठे वाळतात? कामाला कोण येतं, त्यांची बादली आणि पोछा कुठे राहणार? रात्री बाथरूमला कोण किती वेळा उठतं, वाटेत काय काय लागतं? गुडघे कुणाचे दुखतात? यातल्या एकाही प्रश्नाचं उत्तर ‘जपांदी’ असं देता येत नाही.

मग आला थ्रीडी. ज्यांनी घर केलंय त्यांना तो क्षण माहीत आहे. व्हॉट्सॲपवर सहा चित्रं येतात आणि आपण ती ऑफिसात, लिफ्टमध्ये, टॉयलेटमध्ये झूम करकरून बघतो. आपलंच घर, पण कुणीतरी श्रीमंत माणूस त्यात राहत असल्यासारखं. ओट्यावर तीन लिंबं आणि एक झाड. हॉलमध्ये उघडं पुस्तक. बाल्कनीत झोपाळा, खाली प्लॅस्टिकचं हिरवं गवत. बेडरूममध्ये एक चप्पल नाही, चार्जर नाही, औषधाची पट्टी नाही.

त्या चित्रात गॅसचा सिलिंडर नसतो. कपडे वाळत घालायच्या दोऱ्या नसतात. झाडू, मिक्सरची वायर, रद्दी, पिशव्यांची पिशवी, बाबांचं वाफ घ्यायचं भांडं, हे काही नसतं. आणि माणूस तर नसतोच. थ्रीडी हे घराचं चित्र आहे असं आपल्याला वाटतं, पण ते घर विकणाऱ्या जाहिरातीचं चित्र आहे आणि जाहिरात आपल्यालाच दाखवली जाते. जे त्या चित्रात नाही त्याला पुढे घरात जागा मिळत नाही, कारण सुतार त्या चित्रावरूनच काम करतो.

आमच्याकडे काय झालं ते सांगतो. दर वर्षी फेब्रुवारी-मार्चमध्ये मामाकडून ज्वारीचं एक पोतं आणि गव्हाची दोन पोती येतात. आकुर्डीत पत्र्याची कोठी होती, तीत कडुनिंबाचा पाला घालून ते राहायचं. नव्या किचनमध्ये सरकन आत जाणारे, आवाज न करता बंद होणारे अकरा ड्रॉवर आहेत. चमच्यांसाठी वेगळा, सुऱ्यांसाठी वेगळा, बाटल्यांसाठी उभा. पन्नास किलोचं पोतं त्यातल्या कशातही मावत नाही. या वर्षी पोती माझ्या बेडरूममध्ये, ज्याला थ्रीडीत ‘रीडिंग कॉर्नर’ म्हटलं होतं तिथे आहेत. वर चादर टाकली आहे. व्हिडिओ कॉलवर मागे दिसतं ते सोफ्यासारखं वाटतं.

पाहुण्यांच्या गाद्या हायड्रॉलिक बेडच्या पोटात आहेत. पाहुणे येतात तेव्हा रात्र झालेली असते आणि बाबा त्या बेडवर झोपलेले असतात. त्यांना उठवायचं, बेड उचलायचा, गाद्या काढायच्या, बेड खाली करायचा, त्यांना परत झोपवायचं. पुढच्या खेपेपासून आत्याने हॉटेलात उतरते म्हणून सांगितलं. ती सहज बोलली असेल. बाबांना ते लागलं.

भिंतीवरच्या खोबणीदार पॅनेलकडे बघून कामाला येणाऱ्या मावशींनी पहिल्याच दिवशी विचारलं, ‘दादा, हे पुसायचं कसं?’ साडेसात फूट उंच पॅनेलात उभ्या ऐंशी-नव्वद खाचा आणि प्रत्येक खाचेत पुण्यातली धूळ. आता त्या दर शनिवारी जुन्या टूथब्रशने ते साफ करतात आणि महिन्याचे तीनशे वाढवून मागितले. मी दिले. एवढ्या सगळ्या मीटिंगांमध्ये घराच्या डिझाइनबद्दल विचारलेला सगळ्यात शहाणा प्रश्न तो होता आणि तो सगळं झाल्यावर विचारला गेला.

घर ताब्यात देताना फर्मचा फोटोग्राफर आला. त्याने ओट्यावरचा मिसळणाचा डबा उचलून बाथरूममध्ये ठेवला. बाबांची खुर्ची बाहेर पॅसेजमध्ये गेली. आईने आल्या आल्या किचनच्या दाराशेजारी कालनिर्णय टांगलं होतं, तेही उतरवलं. फोटो झाल्यावर बाकी सगळं परत आलं. कालनिर्णय आलं नाही, कारण ज्या हुकवर ते होतं तो चिकटवलेला हुक निघाला आणि त्या पॅनेलात खिळा मारला तर ते चिरतं. आता ते कपाटाच्या दाराच्या आतल्या बाजूला आहे. चतुर्थी कधी आहे ते बघायला आई कपाट उघडते.

व्हिएन्नातल्या अडॉल्फ लूस नावाच्या आर्किटेक्टने १९०० साली एक गोष्ट लिहिली होती, एका गरीब श्रीमंत माणसाची. त्या माणसाला घरात कला हवी असते. तो आर्किटेक्ट बोलावतो, आणि आर्किटेक्ट त्याचं सगळं घर करून देतो, अगदी पायातल्या सपातांसकट. एक दिवस तो माणूस सपाता घालून समोर येतो तर आर्किटेक्ट भडकतो, कारण त्या बेडरूमसाठी काढलेल्या असतात आणि इथे त्यांनी खोलीचा सूर बिघडतो. पुढे वाढदिवसाला बायकामुलं भेटी देतात, त्या कुठे ठेवायच्या हे विचारायला तो आर्किटेक्टला बोलावतो. आर्किटेक्ट म्हणतो, भेटी घेतल्याच कशा? तुमचं सगळं मी करून दिलेलं आहे, आता तुम्हाला काही लागत नाही, तुम्ही पूर्ण झालात. लूसची ही चेष्टा त्याच्या काळातल्या बड्या लोकांच्या घरांवर होती. सव्वाशे वर्षांनी ती रावेतच्या सहाशे चाळीस स्क्वेअर फुटांत, हप्त्यांवर येऊन पोहोचली आहे. फरक एवढाच की लूसचा माणूस तरी श्रीमंत होता.

आता ओट्याकडे येतो, कारण तिथे खांदा दुखतोय.

३४ इंच हे माप कुठून आलं, हे मी नंतर शोधलं. कुणा बाईच्या कोपरावरून ते आलेलं नाही. मॉड्युलर किचनच्या खालच्या खोक्याची उंची कारखान्यात ७२० मिलिमीटर ठरलेली असते. त्याखाली १०० मिलिमीटरचे पाय. वर दगड आणि त्याखालची फळी मिळून ४० मिलिमीटर. बेरीज ८६०, म्हणजे ३४ इंचांना एक केसभर कमी. एवढंच त्यामागचं शास्त्र. खोकी एकाच मापाची कापली की मशिन थांबत नाही, ड्रॉवर एकाच मापाचे येतात, वाया काही जात नाही. पाय बदलता येतात, खोकी लहान करून घेता येतात, त्यासाठी मागणी करावी लागते. पण मागणी करायची असते हे सांगणार कोण?

उभ्याने काम करताना हलकं काम कोपराच्या चार ते सहा इंच खाली असावं आणि जोर लावायचं काम त्याहून खाली, हा कुठल्याही अर्गोनॉमिक्सच्या पुस्तकातला पहिल्या धड्यातला नियम आहे. पोळी लाटणं आणि कणीक मळणं ही जोराची कामं. आईचं कोपर जमिनीपासून ३७ इंचांवर आहे. ओटा ३४, त्यावर पोळपाट दोन इंच, झाले ३६. म्हणजे ती जवळजवळ कोपराच्या रेषेत लाटते. शरीराचं वजन लाटण्यावर येत नाही, खांदे वर उचलावे लागतात आणि सगळी पोळी दंडाच्या ताकदीवर होते. दिवसाला चौदा, वर्षाला पाच हजारांवर. आकुर्डीत ती खाली बसून लाटायची, तेव्हा गुडघे दुखायचे. ‘उभा ओटा झाला की तुझे गुडघे सुटतील,’ असं तिला मीच सांगितलं होतं. ते सुटले, आणि दुखणं वर खांद्यात आलं.

गंमत बघा. मॉड्युलर किचनची आजी म्हणतात ते किचन १९२६ साली जर्मनीतल्या फ्रँकफर्टमध्ये झालं. मार्गारेटे श्युटे-लिहोत्स्की ही ऑस्ट्रियातल्या पहिल्या स्त्री आर्किटेक्टांपैकी एक. कामगारांसाठी बांधल्या जाणाऱ्या घरांत बसवायला तिने ते काढलं आणि सुमारे दहा हजार घरांत ते बसलं. किचन रुंदीला जेमतेम १.९ मीटर. बाईला किती पावलं टाकावी लागतात, कुठल्या कामाला किती वेळ जातो, हे आधी तपासून मग तिने कपाटं आखली. स्वतः तोवर तिने कधी स्वयंपाक केला नव्हता, हे तिनेच सांगून ठेवलंय. म्हणून तर तिला मोजावं लागलं. पिठाचे खण ओकच्या लाकडाचे केले, कारण त्याला अळ्या लागत नाहीत. तांदूळ, साखरेसाठी ॲल्युमिनियमचे खण, ओतायला चोच असलेले. आणि खिडकीपाशी काम करायच्या फळीसमोर एक फिरतं स्टूल, कारण भाजी चिरायला बाईने उभं का राहावं? त्या किचनवर पुढे टीकाही झाली, की एकाच बाईला त्या अरुंद खोलीत एकटीला कोंडलं. बरोबर आहे ती. पण स्टूल तरी होतं! आपण शंभर वर्षांत तिथून कपाटं उचलली, ड्रॉवर उचलले, चकचकीतपणा वाढवला, आणि धान्याचे खण आणि बसायचं स्टूल तेवढं सोडून आलो.

यावर एक युक्तिवाद मला हमखास ऐकवला जातो: हे तुमच्या डिझायनरचं अज्ञान, चांगला नेमायचा होता. नाही. पैशाची रचनाच अशी आहे की प्रश्न न विचारणाऱ्याचं भलं होतं. डिझायनरची फी बहुतेक ठिकाणी एकूण खर्चाच्या टक्क्यांत असते, नाहीतर स्क्वेअर फुटावर, नाहीतर सगळं काम एकत्र घेऊन त्यातल्या मार्जिनमध्ये. धरा, फी १० टक्के आहे. मी एक लाख वीस हजारांचं फॉल्स सिलिंग केलं तर तिला बारा हजार मिळतात. ‘सर, तुमची स्लॅब मुळात साडेनऊ फुटांवर आहे, सिलिंग नका करू, गरम होईल, कोपऱ्यात जाळी धरतील’ असं प्रामाणिकपणे सांगितलं तर मिळतं शून्य. ज्या सल्ल्याला शून्य मिळतं तो सल्ला कोण किती दिवस देईल? आईचं कोपर मोजायला पाच मिनिटं लागतात आणि त्या पाच मिनिटांचं बिल कुठल्याच रकान्यात बसत नाही.

त्यात दुकानांचं. प्लायवूड आणायला मी हौसेने स्वतः गेलो, तर दुकानदाराने आधी विचारलं, ‘कुणाच्या रेफरन्सने?’ नाव सांगितल्यावर दर एक झाला. दोन दिवसांनी बाबा एकटे गेले, नाव न सांगता, तर तोच माल शीटमागे दोनशे चाळीस रुपयांनी स्वस्त. हा फरक कुणाच्या खिशात जातो ते मी सिद्ध करू शकत नाही आणि या एकाच डिझायनरला त्याबद्दल बोल लावायची माझी इच्छाही नाही. वर, कोटेशनमध्ये ‘बेस्ट क्वालिटी वॉटरप्रूफ प्लाय’ असं लिहिलेलं असतं. हे काहीच नाही. सिंकखाली ‘आयएस ७१०’ हवं, बाकी ठिकाणी ‘आयएस ३०३’ चालतं. शीटवर आयएसआयचा शिक्का आणि त्याखाली ‘सीएम/एल’ने सुरू होणारा लायसन्स नंबर असतो, तो ‘बीआयएस केअर’ ॲपवर टाकून बघता येतो. लॅमिनेट चिकटलं की शिक्का दिसत नाही, म्हणून माल येईल त्या दिवशी घरी थांबा.

आणखी एक. आपल्याकडे १९७२ च्या कायद्यानुसार कौन्सिल ऑफ आर्किटेक्चरकडे नोंदणी असल्याशिवाय कुणाला स्वतःला ‘आर्किटेक्ट’ म्हणवता येत नाही. इंटिरियर डिझायनर म्हणवायला असं काहीच लागत नाही. डिझायनरांची संस्था आहे, तिचं सदस्यत्व ऐच्छिक आहे. पाच वर्षांची डिग्री घेतलेली मुलगी आणि तीन महिन्यांत सॉफ्टवेअर शिकून आलेला सेल्समन, दोघांच्या कार्डावर एकच शब्द असतो. कुणाकडे काय आहे, हे विचारण्यात उद्धटपणा नाही.

इथवर लिहून मी खूश होतो. हा लेख इथेच संपणार होता, डिझायनरांच्या नावाने खडे फोडून. पण पाटाचा प्रकार सुरू झाल्यावर मी तिला रागाने फोन केला होता. ओटा खाली करून द्या, एवढं साधं विचारलं नाहीत, कसल्या डिझायनर तुम्ही, वगैरे. तिने शांतपणे ऐकून घेतलं. सव्वीस-सत्तावीसची असेल, महिन्याला किती किचन विकायची याचं टार्गेट असलेली, फुकट थ्रीडी काढून घेऊन गायब होणाऱ्या गिऱ्हाइकांना सरावलेली. म्हणाली, ‘सर, मी एक मेसेज पाठवते, तो बघा.’

आमच्याच चॅटचा स्क्रीनशॉट होता. किचन फायनल करायच्या आदल्या संध्याकाळचा. तिने लिहिलं होतं, ‘सर, उद्या आँटींना घेऊन येता का? किचन त्यांना एकदा दाखवू.’ आणि खाली माझं उत्तर: ‘आईचं काही नाही, ती ॲडजस्ट करेल. आपण फायनल करू.’ शेवटी अंगठा.

मी तो मेसेज विसरलो होतो. लिहिताना त्यात काही वाईट आहे असंही वाटलं नव्हतं. उलट, आईला कशाला त्रास, दोन बस बदलून यावं लागेल, असंच काहीतरी मनात होतं. खरं त्याच्याही खाली होतं. आई आली असती तर तिने कोठी कुठे ठेवायची ते विचारलं असतं. पाट्यावरवंट्याचं विचारलं असतं. त्या काचेच्या टेबलाशी, कॅपुचिनोसमोर, ज्या बाईने मला ‘तुमची स्टाइल काय’ असं विचारलं होतं तिच्यासमोर. मला ते नको होतं. आकुर्डीच्या दोन खोल्या मला त्या शोरूममध्ये आणायच्या नव्हत्या. मी डिझायनरला माझं घर सांगितलंच नाही. सेव्ह केलेले सव्वाशे फोटो दाखवले, आणि तिने मला त्या फोटोंमधलं घर करून दिलं. मग ती चुकली कुठे?

तरी ती चुकली असंच मी म्हणेन, आणि हे स्वतःला वाचवायला म्हणत नाही. डॉक्टर पेशंटच्या मुलाचं बीपी मोजून पेशंटला गोळ्या देत नाही. मुलगा ‘आईचं काही नाही’ म्हणाला म्हणून तपासणी सोडून देत नाही. तिने एकदा विचारलं, मी नाही म्हटलं, तिने अंगठ्याला अंगठा लावला आणि किचन कारखान्यात गेलं. पैसे देणारा तो क्लायंट, हे या धंद्यात इतकं पक्कं आहे की वापरणाऱ्याची सहीसुद्धा लागत नाही. आमच्या करारावर तीन सह्या आहेत: माझी, तिची आणि तिच्या मॅनेजरची. दिवसातले पाच तास त्या किचनमध्ये काढणाऱ्या बाईचं नाव कागदावर कुठेही नाही.

तुमच्यापैकी अनेक जण येत्या दोन-चार वर्षांत पहिलं घर घ्याल. आईबाबांना चाळीतून, वाड्यातून, गावातून त्यात आणाल. पैसे तुमचे असतील, लोन तुमचं असेल, फोनमधले फोटो तुमचे असतील. पहिल्या मीटिंगला जाताना आईला बरोबर न्या. ती नको म्हणेल, ‘मला काय कळतं त्यातलं’ म्हणेल, तिथे जाऊन गप्प बसेल. तरी न्या. शोरूममध्ये ती गप्प बसत असेल तर डिझायनरला जुन्या घरी बोलावा, सकाळी सात वाजता, डब्यांच्या घाईत, आणि एक तास नुसतं बघायला सांगा. त्या तासाचे वेगळे पैसे द्या. हो, द्या. फुकट मागाल तर पाहणी होणार नाही. जी डिझायनर यायला तयार होणार नाही तिला काम देऊ नका, तिची जुनी कामं कितीही सुंदर असोत. आणि बोलावण्याची लाज वाटली, पसारा दिसेल, पत्र्याची कोठी दिसेल असं वाटलं, तर थांबा. मग तुम्हाला घर नको आहे, फोटो हवा आहे. तो ११ लाखांपेक्षा स्वस्तात मिळतो.

ओटा खाली करून मिळाला नाही. दगड काढायचा तर तो फुटणार, खोकी पुन्हा कापायची तर ड्रॉवर बसणार नाहीत, खर्च सत्तर हजारांच्या घरात. शेवटी बाबांनी आकुर्डीच्या जुन्या सुतारकाकांना बोलावलं. आमचं पहिलं लाकडी कपाट त्यांनीच केलं होतं. ते आले, ‘घर झकास केलंय’ म्हणाले, पॅनेलवरून हात फिरवला, आणि किचनमध्ये जाऊन आईला म्हणाले, ‘वहिनी, लाटायला उभ्या राहा बघू. लाटणं घ्या हातात. खरोखर घ्या.’ आई लाजत उभी राहिली. त्यांनी खिशातून टेप काढला, जमिनीपासून कोपरापर्यंत माप घेतलं, पोळपाट उचलून त्याची उंची घेतली, कानामागची पेन्सिल काढून भिंतीवर एक रेघ मारली. साडेतीन हजारांच्या आसमानी रंगावर. मी ओरडणार होतो, गप्प बसलो.

खिडकीखाली २९ इंचांवर घडी होणारी एक फळी बसली. सागाची, दोन बिजागऱ्या आणि एक टेकू. मजुरीसकट दोन हजार आठशे. खाली स्टूल सरकवता येतं. बसून मेथी निवडायची की उभ्याने लाटायचं, ते आई त्या त्या दिवशी ठरवते. भिंतीवरची रेघ अजून आहे.

उरला ३४ इंचांचा ओटा. मी पाच फूट आठ इंच आहे. परवा रविवारी त्यावर पोळपाट ठेवून उभा राहिलो, तर खांदे खाली, कोपरं मोकळी, सगळं अगदी पुस्तकात लिहिल्यासारखं. ज्याने घरात कधी पोळी लाटली नव्हती त्याच्या मापाचा ओटा त्या घरात बसवला गेला होता. आता दर रविवारच्या पोळ्या माझ्याकडे आहेत. पहिल्या दिवशी नऊ झाल्या, त्यातल्या चार खाण्यासारख्या होत्या.